बाळगोळी ते औषधाची नोंदवही : पाळणाघरातील कुलूपबंद कपाटाचा इतिहास

१/२४
पाळणाघरात मूल दाखल करताना पालकांपुढे एक अर्ज येतो. मुलाला कोणते औषध द्यायचे, किती, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून? खाली सही. औषध मूळ बाटलीतच आणावे, बाटलीवर मुलाचे नाव असावे, ती कुलूपबंद कपाटात राहील, दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद होईल. वाचायला कंटाळवाण्या वाटणाऱ्या या चार ओळींमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात मँचेस्टर आहे, ब्रॅडफर्ड आहे आणि आपले गिरणगावही आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/२४
प्रारंभ आपल्या घरातूनच करू. महाराष्ट्रातील जुन्या घरांत तान्ह्या बाळाला गुटी दिली जाई. सहाणेवर आईचे दूध किंवा उकळलेले पाणी घ्यायचे आणि त्यात हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, हळकुंड एकेक करून उगाळायचे. मात्रा मोजायची ती वेढ्यांनी. हिरड्याचे इतके वेढे, जायफळाचा मात्र एकच. जायफळाने गुंगी येते, हे आजीला ठाऊक असे.

३/२४
आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे सांगतात. त्यामुळे गुटीची भलावण करण्याचा येथे हेतू नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. या पद्धतीत माप होते, क्रम होता आणि वयाप्रमाणे मात्रा वाढविण्याचा नियमही होता. लेखी असे काहीच नव्हते, कारण त्याची गरज पडत नसे. देणारा हात एकच होता. काल काय दिले हे त्या हाताच्या मालकिणीच्या स्मरणात असे.

४/२४
मूल एका दिवसात दोन हातांतून जाऊ लागले, तेव्हा ही व्यवस्था मोडली. पहाटे आईचा हात, दिवसभर दुसऱ्या कोणाचा, रात्री पुन्हा आईचा. पहिल्या हाताने काय दिले हे दुसऱ्याला कळेना. ही परिस्थिती मोठ्या प्रमाणावर निर्माण केली ती कारखान्यांनी, आणि तिचे परिणाम प्रथम इंग्लंडच्या कापड गिरण्यांच्या गावांत दिसले.

५/२४
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मँचेस्टर. आई भल्या पहाटे गिरणीत जाई. तान्हे मूल शेजारच्या एखाद्या वृद्धेकडे किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे सोपविले जाई. अशी सांभाळणारी बाई थोड्या पैशांत अनेक मुले घेई. सगळी एकदम रडू लागली तर काय करायचे? त्यावर बाजारात उपाय तयार होता. त्याचे नाव ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’.

६/२४
अठराव्या शतकापासून विकले जाणारे हे गोड औषध म्हणजे मुख्यतः काकवी, पाणी, थोडे मसाल्याचे द्रव्य आणि अफू. पोटदुखी, दात येणे, जुलाब, रडणे अशा सर्व तक्रारींवर ते चाले. प्रत्येक औषधविक्रेता आपल्या पद्धतीने ते बनवी. त्यामुळे एका दुकानातील चमचा आणि दुसऱ्या दुकानातील चमचा यांतील अफूचे प्रमाण सारखे नसे. एका बाटलीची सवय झालेल्या मुलाला दुसऱ्या बाटलीतील तेवढीच मात्रा जड जाऊ शके.

७/२४
त्याहून मोठा धोका बाटलीच्या तळाशी होता. बाटली बराच काळ उभी राहिली की अफूचा अंश खाली बसे. वरचे चमचे सौम्य आणि शेवटचे चमचे तीव्र. महिनाभर जे औषध मुलाला मानवले, त्याच औषधाचा अखेरचा चमचा प्राणघातक ठरू शके. सांभाळणारीने काही वेगळे केलेले नसे. तिचे माप तेच होते, फक्त बाटलीतील द्रव्य बदललेले होते.

८/२४
अफूने मरणारी मुले नेहमीच एका मात्रेने मरत नसत. गुंगीतले मूल दूध मागत नाही. न मागणाऱ्याला मिळत नाही. दिवसेंदिवस ते सुकत जाते आणि शेवटी दप्तरी मृत्यूचे कारण ‘अशक्तपणा’ किंवा ‘आकडी’ असे नोंदले जाते. अफू कागदावर येतच नाही. फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गाविषयीच्या ग्रंथात गॉडफ्रेज कॉर्डियलचा उल्लेख आहे, तो याच संदर्भात.

९/२४
त्याच सुमारास पॅरिसमध्ये एक वेगळा प्रयोग झाला. फिर्मँ मार्बो या गृहस्थांनी नोव्हेंबर १८४४ मध्ये शायो भागात कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी ‘क्रेश’ सुरू केले. आईने कामाच्या मधल्या वेळात येऊन बाळाला पाजावे, डॉक्टरांनी येऊन मुले तपासावीत, आजारी मुलाला इतरांत ठेवू नये, अशी त्याची रचना होती. ‘क्रेश’ हा शब्द येथूनच जगभर गेला. त्यामागची कल्पना अशी, की मुलाची दिवसभराची देखभाल बंद दाराआड न होता चार जणांच्या देखत व्हावी.

१०/२४
आता ‘बाटलीवर नाव असावे’ या नियमाकडे येऊ. त्यामागची एक घटना औषधाची नसून गोळ्या-चॉकलेटची आहे. ३० ऑक्टोबर १८५८, शनिवार. यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्डच्या बाजारात एका विक्रेत्याने पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या. पुढच्या काही दिवसांत सुमारे २० माणसे मरण पावली आणि २०० हून अधिक आजारी पडली. मृतांत मुले बरीच होती.

११/२४
कारण असे निघाले. साखर महाग असल्यामुळे मिठाई बनविणारे तिच्यात स्वस्त पांढरी भुकटी, बहुधा जिप्सम, मिसळत. ती भुकटी आणायला औषधविक्रेत्याकडे माणूस गेला. मालक आजारी होता. त्याच्या नवख्या साहाय्यकाने साठ्यातील पिंपातून १२ पौंड पांढरी भुकटी मोजून दिली. ते पिंप जिप्समचे नव्हते. त्यात सोमल होता, आणि पाहणाऱ्याला कळेल अशी खूण पिंपावर नव्हती.

१२/२४
येथे एक बारकावा आहे. इंग्लंडमध्ये १८५१ पासून सोमलाच्या विक्रीसाठी कायदा होता. विक्रेत्याने वहीत घेणाऱ्याचे नाव, प्रमाण आणि प्रयोजन लिहून सही घ्यावी, असा दंडक होता. मग त्या दिवशी वही का उपयोगी पडली नाही? आपण सोमल विकत आहोत हेच विकणाऱ्याला ठाऊक नव्हते. वस्तूवर नाव नसेल तर चोख वहीही आंधळी असते. साठवण आणि नोंद या एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत, हे ब्रॅडफर्डने दाखवून दिले.

१३/२४
या व अशा घटनांमुळे निर्माण झालेल्या दबावातून १८६८ चा फार्मसी कायदा आला. ठरावीक विषारी द्रव्ये नोंदणीकृत औषधविक्रेत्यानेच विकावीत आणि वेष्टनावर द्रव्याचे नाव, ‘विष’ हा शब्द व विक्रेत्याचा पत्ता असावा, असे ठरले. अफूही त्या यादीत आली. त्यानंतर अफूने होणारे बालमृत्यू इंग्लंडमध्ये घटले. परंतु ‘पेटंट’ औषधांना या कायद्यातून सूट मिळाली. गोड बाटल्यांचा धंदा त्या फटीतून पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

१४/२४
आता मुंबई. गिरणगावात स्त्रिया प्रामुख्याने वायंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम करीत. भोंगा वाजण्यापूर्वी घर सोडायचे आणि दहा-अकरा तासांनी परतायचे. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या कुटुंबातील आजी गावीच राहिलेली असे. चाळीतल्या एका खोलीत तान्हे मूल कोणाच्या भरवशावर ठेवायचे? येथेही अफूच पुढे आली. तिचे नाव होते बाळगोळी.

१५/२४
नावातील लडिवाळपणा फसवा होता. अफू आणि इतर द्रव्ये मिळून केलेली ही बारीक गोळी बाळाला सकाळी दिली की ते तासन्‌तास निजून राही. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली. त्यांच्या अहवालातील एक आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला. या कामकरी स्त्रियांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती.

१६/२४
त्याच काळात, १९२१ साली, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६०० हून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा आकडा जपून वापरावा. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात. त्यामुळे मुंबईत जन्माची नोंद होत नसे, मृत्यूची मात्र होई. शिवाय कोंदट खोल्या, दूषित पाणी, साथीचे रोग ही कारणेही होतीच. सगळा दोष अफूच्या माथी मारता येणार नाही. तरीही आकडा भयावहच आहे.

१७/२४
दोष कोणाचा? त्या काळच्या अनेक सुशिक्षितांनी ‘अडाणी आई’ असे उत्तर दिले. आता दुसरी बाजू पाहा. १८७८ च्या अफू कायद्याखाली सरकारी परवान्याच्या दुकानांत अफू उघडपणे मिळे आणि तिच्यापासून सरकारला महसूल मिळे. कामाचे तास गिरणीमालक ठरवीत. खोलीचे भाडे दोघांच्या मजुरीवाचून निघत नसे. आईच्या हाती उरत होती ती केवळ एक निवड : रडणारे, उपाशी मूल एकटे सोडून जायचे, की निजलेले.

१८/२४
मँचेस्टरचा प्रश्न येथेही होताच. पहाटे आईने गोळी दिली. दुपारी मूल कुरकुरले म्हणून सांभाळणारीने आणखी एक दिली. तिने आईला सांगितले नाही, कारण सांगितले तर रागे भरण्याची भीती. आईने विचारले नाही, कारण थकून आल्यावर मूल शांत आहे हेच पुरे होते. दोन हात, दोन मात्रा आणि मधे कोणताही दुवा नाही. औषधाची नोंदवही हाच तो दुवा आहे. ती येईपर्यंत मुलाच्या शरीरात गेलेल्या मात्रेचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

१९/२४
उत्तर हळूहळू आले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने प्रसूतिलाभाचा कायदा केला. भारतातील कामगारांच्या स्थितीविषयी नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याची सक्ती करणारे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्यात, कलम ४८ अन्वये, ती खोली हवेशीर, स्वच्छ आणि बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असणे आवश्यक ठरले. १९७६ मध्ये ५० ची मर्यादा ३० वर आली.

२०/२४
गावांकडची वाट निराळी होती. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ आकारास आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजनेचा ३३ प्रकल्पांनी देशभर आरंभ झाला, तेव्हा हाच शब्द तिच्या केंद्रांना मिळाला. वजनाचा तक्ता, लसीकरणाची नोंद, पोषण आहाराची वही आणि औषधांची पेटी अंगणवाडी सेविकेच्या हाती आली. चाळीतल्या त्या सांभाळणारीजवळ यांतले काहीच नव्हते.

२१/२४
मग कुलूप कशासाठी? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मुलांसाठी संत्र्याच्या चवीच्या ॲस्पिरिनच्या गोळ्या निघाल्या. मुलांनी त्या गोळ्या-चॉकलेटासारख्या खाल्ल्या आणि विषबाधेचे प्रकार वाढले. कॅनडातील विंडसर येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. आंरी ब्रो यांच्या प्रयत्नांतून १९६७ मध्ये दाबून फिरविल्याशिवाय न उघडणारे झाकण तयार झाले. १९७० मध्ये अमेरिकेने अशा वेष्टनांविषयी कायदा केला. औषध मुलाला आवडावे म्हणून गोड करायचे आणि मग ते मुलापासून लपवायचे, हा विरोधाभास आजही आपल्या कपाटात आहे.

२२/२४
इंग्लंडमधील बालसंगोपन केंद्रांसाठी २००८ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय चौकटीत हा सारा इतिहास दोन-चार वाक्यांत उतरला. प्रत्येक औषधासाठी पालकांची लेखी संमती, दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद आणि त्याच दिवशी पालकांना कळविणे. ॲस्पिरिन असलेले औषध डॉक्टरांनी लिहून दिल्यावाचून नाही. कारण १९६३ मध्ये सिडनीच्या डॉ. डग्लस राय यांनी वर्णिलेल्या, मेंदू व यकृतावर आघात करणाऱ्या आजाराचा मुलांतील ॲस्पिरिनशी संबंध पुढे दिसून आला, आणि १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी ते बंद झाले.

२३/२४
‘हे सारे जुने झाले’ असे कोणास वाटेल, तर ३१ जानेवारी २०२१ आठवावा. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ मोहिमेच्या दिवशी पाच वर्षांखालील १२ मुलांच्या तोंडात लशीच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य पडले. मुले रुग्णालयात दाखल झाली आणि सुदैवाने बरी झाली. एका बाटलीच्या जागी दुसरी बाटली : ब्रॅडफर्डचे पिंप १६२ वर्षांनी पुन्हा उघडले होते. उलट, चांगले उदाहरणही आपल्याकडेच आहे. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहयुक्त सिरप द्यायचे असते. त्यासाठी बाटलीलाच एक मिलिलीटर मोजून देणारे साधन जोडण्याची योजना आहे. गॉडफ्रेजच्या शेवटच्या चमच्याने जे शिकविले, ते या छोट्या साधनात आहे.

२४/२४
म्हणून पाळणाघरातील तो अर्ज भरताना त्याकडे कटकट म्हणून पाहू नये. सही घेणाऱ्या ताईंना आपल्यावर अविश्वास नसतो. आपल्या हातातून काय गेले हे त्यांना आणि त्यांच्या हातातून काय जाईल हे आपल्याला कळावे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र गिरणगावाचा दुसरा धडाही विसरू नये. वही, कुलूप आणि झाकण ही साधने आहेत. ती वापरणाऱ्या बाईला पुरेसा पगार, आवाक्यातील मुलांची संख्या आणि उसंत मिळाली नाही, तर वही भरलेली राहते आणि मूल दुर्लक्षित राहते. बाळगोळी गेली ती केवळ बंदीने नव्हे. बाळाला दिवसा ठेवायला जागा आणि पाहायला माणूस मिळू लागले तेव्हा.

आपल्या आजी-पणजीकडून गुटीच्या वेढ्यांचे हिशेब किंवा गिरणीतल्या पाळणाघराच्या आठवणी ऐकल्या असतील, तर या धाग्याखाली जरूर लिहा. कोणत्या गावची, कोणत्या काळातील, तेही नोंदवा. तोंडी इतिहासालाही नोंदवही लागतेच.